राहुल भेके

राहुल शंकर भेके (जन्म: ६ डिसेंबर १९९०, मुंबई) हा भारतीय व्यावसायिक फुटबॉल खेळाडू आहे. तो बचावपटू म्हणून खेळतो. कारकिर्दीचा बराच काळ तो उजव्या बगलेचा बचावपटू (राइट बॅक) होता. पुढे तो मध्य बचावपटू (सेंटर बॅक) म्हणूनही नियमित खेळू लागला. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी, बंगळूर एफसी आणि मुंबई सिटी एफसी या क्लबांचे त्याने प्रतिनिधित्व केले असून २०२४ मध्ये तो बंगळूर एफसीकडे परतला. भारताच्या राष्ट्रीय संघाकडून तो २०१९ पासून खेळत आहे.

बचावपटूचे काम सहसा धावफलकावर उमटत नाही. अडवलेला गोल कोणत्याही नोंदीत दिसत नाही, तर झालेली चूक मात्र कार्डाच्या रंगासह नोंदली जाते. भेकेच्या बाबतीत हा नियम काहीसा उलटला आहे. त्याच्या कारकिर्दीतील सर्वाधिक स्मरणात राहिलेले क्षण प्रतिस्पर्ध्याच्या गोलपुढे, कॉर्नर किकवर उंच उडी घेऊन चेंडूला डोके लावण्याचे आहेत. २०१९ च्या इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना अशाच एका हेडरने निकाली निघाला, आणि २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजयही अशाच हेडरने साकारला.

सुरुवातीची कारकीर्द

भेकेची व्यावसायिक कारकीर्द मुंबई एफसी या क्लबातून आकाराला आली. आय-लीगमध्ये खेळणारा हा क्लब आर्थिकदृष्ट्या मोठा नव्हता आणि विजेतेपदाच्या शर्यतीत क्वचितच असे. मात्र स्थानिक खेळाडूंना सातत्याने संधी देणारा क्लब अशी त्याची ओळख होती. प्रशिक्षक खालिद जमील यांच्या काळात या संघाचा भर बचावावर, शारीरिक तयारीवर आणि स्थिर चेंडूवरील चालींवर, म्हणजे कॉर्नर, फ्री किक व थ्रो-इनवर असे. पुढील काळात भेकेच्या खेळाची जी वैशिष्ट्ये सांगितली गेली, त्यांतील बहुतेकांचे मूळ या शाळेत सापडते असे म्हणावयास हरकत नाही.

कुपरेज मैदानाच्या नूतनीकरणामुळे २०१२-१३ च्या आय-लीग हंगामात मुंबई एफसीचे घरचे सामने पुण्याजवळील बालेवाडी येथील श्री शिव छत्रपती क्रीडासंकुलात झाले. भेकेच्या कारकिर्दीत हे मैदान पुढेही येत राहिले: २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीचा खेळाडू म्हणून, आणि २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या मुंबई सिटीबरोबर.

२०१४ मध्ये भेके कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबात दाखल झाला. मुंबईत फुटबॉलचे प्रेक्षक मर्यादित आहेत. कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातील सामन्याला साठ-साठ हजारांचा जमाव जमतो, आणि बचावपटूची एक चूक आठवडाभर चर्चिली जाते. मुंबईतून तेथे जाणाऱ्या खेळाडूला खेळापेक्षाही हे वातावरण पेलावे लागते. भेके २०१७ पर्यंत या क्लबात होता.

हा काळ भारतीय फुटबॉलमध्ये संक्रमणाचा होता. २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग (आयएसएल) वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत होत असे व त्यानंतर जुनी आय-लीग खेळवली जाई. दोन्ही स्पर्धांच्या तारखा एकमेकींना छेदत नसल्याने आय-लीगमधील खेळाडू उसनवारीने आयएसएलच्या संघांत जात व हंगाम संपला की परत येत. भेके याच पद्धतीने २०१५ मध्ये केरला ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळला. केरला ब्लास्टर्सचा तो हंगाम निराशाजनक ठरला आणि संघ तळाला राहिला. पुण्यात अंतोनियो हाबास हे प्रशिक्षक होते. पुणे सिटी हा क्लब २०१९ मध्ये बंद पडला. मुंबई एफसीनेही २०१७ नंतर आपला वरिष्ठ संघ मैदानात उतरवला नाही. महाराष्ट्रातील ज्या दोन क्लबांनी भेकेला प्रथम खेळवले, ते दोन्ही आज अस्तित्वात नाहीत.

बंगळूर एफसी (२०१७-२०२१)

२०१७-१८ पासून आयएसएल व आय-लीग एकाच वेळी होऊ लागल्या आणि खेळाडूंना दोहोंपैकी एकीची निवड करणे भाग पडले. त्याच वर्षी आय-लीगमधून आयएसएलमध्ये आलेल्या बंगळूर एफसीशी भेकेने करार केला. प्रशिक्षक अल्बर्ट रोका यांच्या या संघात सुनील छेत्री, मिकू, गुरप्रीत सिंग संधू असे खेळाडू होते. पहिल्याच हंगामात संघ साखळी फेरीत अव्वल राहिला. १७ मार्च २०१८ रोजी बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात मात्र चेन्नईयिन एफसीने ३-२ असा विजय मिळवला. चेन्नईयिनच्या तीनपैकी दोन गोल त्यांचा बचावपटू मेल्सन आल्वेस याने कॉर्नर किकवर हेडरने केले होते.

पुढील महिन्यात भुवनेश्वरच्या कलिंग मैदानावर सुपर कपचा अंतिम सामना भेकेच्या जुन्या क्लबाशी, ईस्ट बंगालशी झाला. ईस्ट बंगालने आघाडी घेतल्यावर बरोबरीचा गोल भेकेने केला. उत्तरार्धात छेत्रीच्या दोन व मिकूच्या एका गोलमुळे बंगळूरने ४-१ असा विजय मिळवून हा करंडक पटकावला.

२०१८-१९ च्या हंगामात कार्लेस क्वाद्रात हे मुख्य प्रशिक्षक झाले. रोका यांचे सहायक म्हणून त्यांनी हा संघ जवळून पाहिला होता. स्थिर चेंडूवरील चालींचा सराव त्यांच्या काळात संघाचे ठळक वैशिष्ट्य बनला, आणि भेकेचा लांब पल्ल्याचा थ्रो-इन हे त्यातील एक प्रमुख हत्यार होते. बंगळूर पुन्हा साखळीत अव्वल आले आणि उपांत्य फेरीत नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध पहिला सामना १-२ असा गमावूनही दुसरा ३-० असा जिंकून अंतिम फेरीत पोहोचले.

अंतिम सामना १७ मार्च २०१९ रोजी, म्हणजे आधीच्या पराभवाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, अंधेरी येथील मुंबई फुटबॉल अरेनावर झाला. प्रतिस्पर्धी एफसी गोवा हा त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा, चेंडूवर ताबा ठेवून खेळणारा संघ होता. निर्धारित वेळेत गोल झाला नाही. अतिरिक्त वेळेत गोव्याचा मध्यरक्षक अहमद जाहू याला मैदान सोडावे लागले आणि गोव्याचे दहा खेळाडू उरले. सामना पेनल्टी शूटआउटकडे झुकला होता. शेवटची काही मिनिटे उरली असताना दिमास देल्गादो याने घेतलेल्या कॉर्नर किकवर भेकेने हेडर मारला आणि चेंडू गोलखांबाला लागून जाळ्यात गेला. बंगळूरने १-० अशा फरकाने पहिले आयएसएल विजेतेपद मिळवले. साखळीत अव्वल राहिलेल्या संघाने अंतिम सामनाही जिंकण्याची आयएसएलमधील ही पहिली वेळ होती.

मुंबईत जन्मलेल्या खेळाडूने मुंबईत, पण मुंबईच्या संघासाठी नव्हे तर बंगळूरसाठी, हा गोल केला. एका वर्षापूर्वी ज्या प्रकारच्या चालीने बंगळूरला हरवले होते, त्याच प्रकारच्या चालीने त्यांना जिंकवले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यानंतरचे दोन हंगाम बंगळूरसाठी उतरणीचे होते. एप्रिल २०२१ मध्ये एएफसी कपच्या पात्रता फेरीत नेपाळच्या त्रिभुवन आर्मी संघावर मिळवलेल्या ५-० अशा विजयात भेकेने दोन गोल केले. त्याच वर्षी तो क्लबातून बाहेर पडला.

खेळण्याची पद्धत

बगलेवरील बचावपटूला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. विरोधी विंगरला बाजूच्या रेषेवर रोखून धरणे हे पहिले, आणि आपल्या संघाकडे चेंडू असताना त्याच रेषेने पुढे धावून आक्रमणात भर घालणे हे दुसरे. आधुनिक फुटबॉलमध्ये दुसऱ्या कामाला अधिक प्रतिष्ठा आहे. भेके मात्र पहिल्या कामाला प्राधान्य देणारा खेळाडू आहे. तो विंगरच्या अंगाला भिडून खेळतो, खांद्याला खांदा लावून त्याला रेषेकडे ढकलतो आणि हवेतील चेंडूसाठी मागे हटत नाही. वेगवान विंगरने मोकळ्या जागेत गाठल्यास त्याला त्रास होतो, आणि अंगाशी भिडण्याच्या सवयीमुळे कार्डांचा धोकाही असतो. मध्य बचावपटू म्हणून त्याचा अधिक वापर होऊ लागला, त्यामागे हवेतील चेंडूवरील हुकमत हे प्रमुख कारण असावे.

लांब थ्रो-इन ही त्याची दुसरी ओळख. थ्रो-इनवरून थेट गोल करता येत नाही. परंतु थ्रो-इन घेतल्यावर चेंडू थेट स्वीकारणाऱ्या खेळाडूला ऑफसाइडचा नियम लागू होत नाही. त्यामुळे रेषेवरून पेनल्टी क्षेत्रात जोरात चेंडू टाकू शकणारा खेळाडू संघात असला, तर प्रत्येक थ्रो-इन जवळजवळ कॉर्नर किकइतकाच उपयोगी ठरतो. बचाव करणाऱ्या संघाला आपला बचाव गोलजवळ आणावा लागतो, आणि त्या गर्दीत चेंडूचा दुसरा स्पर्श ज्याला मिळेल त्याला संधी असते. सौंदर्यदृष्टीने या पद्धतीवर टीका होते, पण अटीतटीच्या सामन्यांत तिचा उपयोग झाला आहे हे नाकारता येत नाही.

कॉर्नर किकवर हेडरने गोल करणे हे केवळ उंचीचे काम नाही. अंगाला खेटून उभ्या असलेल्या खेळाडूपासून अर्धे पाऊल सुटणे, धाव योग्य क्षणी सुरू करणे आणि चेंडूची दिशा थोडीशीच बदलणे हे त्यात महत्त्वाचे असते. अंधेरीतील गोल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. साधारण दोन तास धावून थकलेल्या खेळाडूंमध्ये ती उडी नेमक्या वेळी घेतली गेली होती.

मुंबई सिटी एफसी (२०२१-२०२४)

२०२१ मध्ये भेके मुंबई सिटी एफसीत आला. एप्रिल २०२२ मध्ये हा क्लब प्रथमच एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळला. भारतीय क्लबांना या पातळीवर थेट प्रवेश २०२१ पासून मिळू लागला होता. त्या वर्षी एफसी गोवाने तीन सामने बरोबरीत सोडवले होते, पण एकही जिंकला नव्हता.

मुंबई सिटीच्या गटाचे सामने सौदी अरेबियातील रियाध येथे झाले. अल शबाबकडून ०-३ असा पहिला पराभव पत्करल्यावर ११ एप्रिल रोजी इराकच्या एअर फोर्स क्लबाशी (अल क्वा अल जविया) गाठ पडली. उत्तरार्धात इराकी संघाने आघाडी घेतली. दिएगो मॉरिसिओ याने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नर किकवरून भेकेने हेडरने दुसरा गोल केला. उरलेला वेळ आघाडी टिकवून मुंबईने २-१ असा विजय मिळवला. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाने मिळवलेला हा पहिला विजय होय. हा कॉर्नर घेणारा खेळाडू अहमद जाहू होता, ज्याला तीन वर्षांपूर्वी अंधेरीत भेकेच्या विरुद्ध खेळताना मैदान सोडावे लागले होते. मुंबई सिटीने गटात सात गुण मिळवून दुसरे स्थान पटकावले.

२०२२-२३ च्या हंगामात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई सिटीने सलग १८ सामने अपराजित राहून साखळी विजेत्याची ढाल (लीग विनर्स शील्ड) जिंकली. करंडकाच्या उपांत्य फेरीत मात्र भेकेच्या जुन्या क्लबाने, बंगळूरने, पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ अशी मात केली.

साखळी विजेतेपदामुळे मुंबई सिटी २०२३-२४ मध्ये पुन्हा चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरली. या वेळी घरचे सामने घरीच खेळायचे होते, परंतु मुंबईतील मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसत नव्हते. म्हणून इराणच्या नस्साजी माझंदरान व उझबेकिस्तानच्या नवबहोर यांच्याविरुद्धचे सामने बालेवाडीत झाले, आणि नेमार जखमी असल्याने त्याच्याविना अल हिलाल संघ नवी मुंबईत खेळून गेला. मुंबईने सहाही सामने गमावले. रियाधमधील यशानंतर हा निकाल कठोर होता. आशियातील श्रीमंत क्लब आणि भारतीय क्लब यांच्यातील अंतर दीड वर्षात कमी न होता वाढल्याचे त्यातून दिसले.

देशांतर्गत हंगाम मात्र वेगळ्या वळणाने गेला. बकिंगहॅम इंग्लंडला परतल्यावर पेत्र क्रात्की प्रशिक्षक झाले. भेके कर्णधार होता. साखळीच्या शेवटच्या सामन्यात, १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध, ढाल राखण्यासाठी मुंबईला केवळ बरोबरी पुरेशी होती. सामना त्यांनी १-२ असा गमावला. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाविरुद्ध ९० व्या मिनिटापर्यंत मुंबई ०-२ अशी पिछाडीवर होती. त्यानंतरच्या काही मिनिटांत तीन गोल करून त्यांनी ३-२ असा विजय मिळवला आणि परतीचा सामना २-० असा जिंकला.

अंतिम सामना ४ मे २०२४ रोजी पुन्हा कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, पुन्हा मोहन बागानविरुद्ध झाला. तीन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर याच संघाने मुंबईची ढाल हिरावून घेतली होती. मध्यंतरापूर्वी मोहन बागानने आघाडी घेतली. उत्तरार्धात होर्हे पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब वोय्तुश यांच्या गोलांमुळे मुंबईने ३-१ असा विजय मिळवला व कर्णधार भेकेने करंडक स्वीकारला. मुंबई आणि बंगळूर या दोन्ही क्लबांकडून आयएसएल करंडक जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत त्यामुळे त्याचा समावेश होतो.

यानंतर लगेचच तो बंगळूरला परतला. २०२४-२५ मध्ये बंगळूर अंतिम फेरीत पोहोचले, पण १२ एप्रिल २०२५ रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानने अतिरिक्त वेळेत २-१ अशी बाजी मारली.

राष्ट्रीय संघ

भेकेचे आंतरराष्ट्रीय पदार्पण उशिरा, वयाच्या २८ व्या वर्षी झाले. अंधेरीतील गोलनंतर तीन महिन्यांच्या आतच, ५ जून २०१९ रोजी, थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत कुरासाओविरुद्ध तो प्रथम खेळला. नवे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांचा तो पहिलाच सामना होता. भारत १-३ असा पराभूत झाला.

१० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत भारताची गाठ तत्कालीन आशियाई विजेत्या कतारशी पडली. आजारपणामुळे छेत्री खेळू शकला नाही. गोलरक्षक गुरप्रीतच्या पुढे संदेश झिंगन, आदिल खान, मंदार राव देसाई आणि उजवीकडे भेके अशी बचावफळी होती. चारपैकी दोघे गोव्याचे आणि एक मुंबईचा. कतारने सामनाभर आक्रमण केले, पण सामना ०-० असा बरोबरीत सुटला. भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातील गाजलेल्या निकालांपैकी हा एक आहे.

३ जून २०२१ रोजी त्याच दोह्यात, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध परतीचा सामना झाला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच भेकेला पिवळे कार्ड मिळाले. १७ व्या मिनिटाला चेंडू हाताला लागल्याबद्दल दुसरे पिवळे कार्ड दाखवण्यात आले आणि त्याला मैदान सोडावे लागले. उरलेला सुमारे सव्वा तास भारताने दहा खेळाडूंनिशी काढला. गुरप्रीतच्या अनेक बचावांमुळे पराभव ०-१ एवढ्यावरच राहिला. २०१९ मध्ये जी अंगाशी भिडण्याची वृत्ती कतारला रोखण्यास उपयोगी पडली होती, तीच या वेळी अंगाशी आली. निलंबनामुळे त्याला चार दिवसांनी झालेला बांगलादेशविरुद्धचा सामनाही खेळता आला नाही. राष्ट्रीय संघातील त्याचे स्थान यामुळे कायमचे गेले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालदीवमध्ये सॅफ अजिंक्यपद जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्येच झालेल्या आशियाई चषकासाठीही त्याची निवड झाली. त्या स्पर्धेत भारताने तिन्ही सामने गमावले.

२०२४ या संपूर्ण वर्षात भारताला एकही आंतरराष्ट्रीय विजय मिळाला नाही. वर्षातील शेवटच्या सामन्यात, १८ नोव्हेंबर रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध, भारत पिछाडीवर असताना ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नर किकवर भेकेने हेडरने गोल केला व सामना १-१ असा सुटला. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध भारताने ३-० असा विजय मिळवून सोळा महिन्यांचा विजयाचा दुष्काळ संपवला. निवृत्ती मागे घेऊन परतलेल्या छेत्रीच्या गोलमुळे हा सामना लक्षात राहिला असला, तरी पहिला गोल भेकेचा होता, आणि तोही कॉर्नर किकवरूनच.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. मुंबई एफसीतील प्रशिक्षक आणि बचावपटू यांची राष्ट्रीय संघात पुन्हा गाठ पडली. जमील यांची पहिलीच स्पर्धा असलेल्या मध्य आशियाई महासंघाच्या नेशन्स चषकात, ताजिकिस्तानातील हिसोर येथे ८ सप्टेंबर रोजी तिसऱ्या स्थानासाठी भारत व ओमान यांच्यात सामना झाला. तो १-१ असा बरोबरीत राहिल्यावर भारताने पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२ असा विजय मिळवला. भारताच्या तीन यशस्वी पेनल्टींपैकी एक भेकेने मारली.